आमची वाटचाल: कापलेला फोटो आणि उडालेलं कुंकू

कराडच्या बाजारपेठेत वडिलांनी स्टुडिओ थाटला, तेव्हा रंगीत फोटो ही चैन होती. मागच्या खोलीत लाल दिवा, हायपोचा (फोटो पक्का करायच्या रसायनाचा) वास आणि निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र, एन्लार्जर. गिऱ्हाईक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचं, "यातले आमचे अण्णा तेवढे मोठे करून द्या." वडील कॉन्टॅक्ट प्रिंटवर (निगेटिव्हएवढ्याच आकाराच्या छोट्या प्रिंटवर) पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे सरकवत, फोटो कुठे कापायचा ते बघत बसायचे. मनगटावर किंवा गुडघ्यावर कापलं की माणूस तुटल्यासारखा दिसतो, दंडात कापा, मांडीत कापा, पण सांधा सोडा, असं ते सांगायचे. ते पुठ्ठे कापून द्यायचं काम माझं.

मोबाइल आले आणि आमच्याकडे पासपोर्ट फोटोशिवाय फारसं काही उरलं नाही. दुकान बंद करायचंच ठरवलं होतं. तगलो ते ग्रुपमधला एकच माणूस कापून मोठा करायच्या या जुन्या कामावर. घरातलं माणूस गेल्यावर फ्रेमसाठी धड फोटोच सापडत नाही. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, मागे बुफेची रांग, शेजाऱ्याचा अर्धा कान, गालावर डीजेचा जांभळा उजेड. आधी कापायचं. पण बारा मेगापिक्सेलच्या फोटोत चेहऱ्याच्या वाट्याला ६०० × ७५० ठिपके आले, तर आठ बाय दहाच्या प्रिंटला इंचाला ७५च पडतात, आणि लागतात ३००. (त्यात फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असला तर विचारूच नका.) जांभळा गाल रंगात काही केल्या सुधरत नाही. रंग काढून टाकला आणि वर थोडी दाणेदार पोत दिली, की तोच चेहरा जुन्या प्रिंटसारखा शांत दिसतो.

फोटोशॉपच्या २००७ च्या आवृत्तीत कृष्णधवलसाठी सहा रंगांचे वेगवेगळे स्लायडर आले, म्हणजे मूळ फोटोतला तो तो रंग राखाडीत किती उजळ किंवा गडद दिसावा ते ठरवणाऱ्या सरकपट्ट्या. आपल्या कातडीत लाल-पिवळा जास्त, म्हणून लाल वाढवला की चेहरा उजळतो. ही युक्ती हाती लागल्यावर मी सगळ्यांनाच उजळवत सुटलो.

एकदा एका आजींची फ्रेम दिली. संध्याकाळी मुलगा परत आला. काउंटरवर फ्रेम उताणी ठेवून म्हणाला, "दादा, आई सवाष्ण गेली. कपाळ मोकळं कसं?" बघतो तर खरंच. लाल वाढवताना रुपयाएवढं कुंकू कातडीच्या राखाडीत विरघळून गेलं होतं. मी तेराव्याच्या आत नवीन प्रिंट दिली, पैसे घेतले नाहीत. लाल खाली आणला, कुंकू गडद झालं, मग चेहरा वेगळा हलक्या हाताने उजळला. वडील एन्लार्जरखाली तळहाताची सावली धरून हेच करायचे.

हिरव्या साडीचा लाल काठही असाच फसवतो. नुसता रंग काढला की दोन्ही जवळपास एकाच राखाडीत जातात. म्हणून ऑर्डरच्या वहीत आता एक रकाना जास्त आहे: कुंकू, काठ, फेटा. रंग विचारून तिथे लिहितो आणि मगच कॉम्प्युटरसमोर बसतो.