तिरफळाचं गोत्र

गणपती पाण्यात गेले की आईची दोन कामं ठरलेली. माशाच्या कालवणात लागणारी तिरफळं वाळत घालायची आणि डोळे दाखवायला पणजीला जायचं. यंदा दोन्ही एकाच आठवड्यात आली. त्यामुळे सावंतवाडीहून सकाळच्या कदंब बसमध्ये बसलो तेव्हा आईच्या बोटांना तिरफळांचा वास होता आणि पत्रादेवी ओलांडेपर्यंत ती ‘आंगणातलां कोण भरून ठेवतलो’ याच काळजीत होती.

डॉक्टर साडेअकरालाच मोकळे झाले. परतीची बस चारची. एका मैत्रिणीने पणजीच्या फोंतेन्यास भागातलं एक फ्युजन हॉटेल कधीचं सुचवून ठेवलं होतं. आईला म्हटलं, चल.

“फ्युजन म्हंजे काय गो?”

“दोन-तीन ठिकाणचं जेवण एकत्र करतात.”

“म्हंजे कालचां आजच्यात ढकलूचां?”

मी रिक्षा थांबवली.

पणजी मुंबईच्या मानाने टीचभर. पण त्या जुन्या पोर्तुगीज घराच्या ओसरीवर बसल्यावर वाटलं, जग इथेच जेवायला येतं. एका टेबलावर दिल्लीची मंडळी, पलीकडे पोर्तुगीजमध्ये कुजबुजणारं म्हातारं जोडपं, कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेला कुणी गोरा. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोन. आईने त्यावर नख वाजवून पाहिलं. आमच्या वाढप्याचं गाव दार्जिलिंगकडचं. तो हिंदीत विचारी, आई मालवणीत उत्तर देई आणि दोघांचं बरं चाललं होतं. मीच मधे मधे भाषांतर करून घोळ घालत होते.

आधी आली सोलकढी. म्हणजे तिचा फेस. पांढऱ्या चिनी मातीच्या चमच्यात गुलाबी बुडबुडे, वर कोथिंबिरीचं एक पान. आईने चमचा उलटा करून खाली काही आहे का पाहिलं. “ह्यां सांडलां काय?”

मला हसू आलं, पण तिचं बरोबर होतं. आमसुलं भिजत घालायची, नारळाचा रस काढायचा, लसूण-मिरची ठेचायची, हा खटाटोप रंगासाठी नसतो. माशाचं तिखट जेवण झाल्यावर शेवटच्या भातावर ओतायची आणि उरलेली वाटी तोंडाला लावायची म्हणून तो असतो. पोट शांत करणं हे तिचं काम. जेवणाआधी चमचाभर फेस देऊन ती कुणाला शांत करणार?

मग फणसाचा टाको. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी मसाल्यात परतून मक्याच्या छोट्या पोळीत घातलेली. हा मात्र मला आवडला, आणि खाता खाता एक गंमत सुचली. मका मूळचा मेक्सिकोकडचा. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. फणस तेवढा आपला. म्हणजे चार-पाचशे वर्षं आमच्या घरी नांदून मिरची माहेरच्या भाकरीला भेटली, तीही फणसाच्या लग्नात! नुसत्या मिरचीचं कशाला, बटाटा, पाव, काजू, अननस, पेरू ही नावंसुद्धा पोर्तुगिजांच्या तोंडून आलेली. हापूसमध्ये तर आल्फोन्सो दडलाय. विंदालूत आलू नसतं, त्या नावात त्यांची वाईन आणि लसूण आहेत. वाईन नव्हती तेव्हा गोयकारांनी माडाच्या सुरेचं व्हिनेगर घातलं आणि पदार्थ सुधारला, असं माझं मत. हे सगळं करणाऱ्यांनी कुणी मेनूवर ‘फ्युजन’ लिहिलं नव्हतं. जे हाताशी होतं त्यावर त्यांनी भागवलं.

आईचं या कशाकडे लक्ष नव्हतं. तिसरा पदार्थ आला होता.

तो साधाच दिसत होता. खोलगट वाडग्यात नूडल्स, वर लाल तेल, तेलात भाजलेल्या बांगड्याचे तुकडे. आईने वाफेवर नाक धरलं आणि थबकली. “तिरफळां!”

बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांना आमच्याकडे तिरफळाशिवाय चालत नाही. काटेरी झाडावरचे ते हिरवे घोस, वाळले की फुटतात. आतली काळी बी टाकायची, वरची सालं ठेवायची. कालवणात जराशी ठेचून घालायची. चावायची कधीच नाहीत; चुकून चावलं की जीभ झिणझिणून बधिर. चिनी सिचुआन मिरी ही त्याच घराण्यातली. तीही तशीच जीभ बधिर करते आणि सिचुआनी स्वयंपाकाचा सगळा जीव त्या झिणझिणीत असतो. आमच्या बाजारातल्या चायनीजच्या गाड्यांवर कॉलेजपासून ‘शेजवान’ खात आले. त्या लाल चटणीत लसूण असते, मिरची असते, सिचुआन मिरी औषधालाही नसते. आणि इकडे घरी, तिची चुलतबहीण फळीवरच्या बरणीत बसलेली! दोघींची गाठ घालावी हे कुणाला सुचलं नव्हतं. या आचाऱ्याला सुचलं, आणि बांगडा बांगड्यासारखाच लागत होता. मी वाडगा पुसून खाल्ला. आईने नूडल्स बाजूला सारून बांगडा संपवला, मग जरा वेळाने नूडल्सही.

वाढपी ताटं उचलायला आला तेव्हा आईने वाडग्याच्या तळाचं एक साल बोटावर घेऊन त्याला दाखवलं. “ह्यां आमच्या दारात आसा.”

तो खुलला. त्याच्या आजीकडेही असंच काहीतरी असतं, त्याला ते टिमूर म्हणतात, चटणीत घालतात. आत जाऊन तो एक पुडी घेऊन आला. गावाहून येताना आणलेलं, स्वतःच्या जेवणासाठी ठेवलेलं. कागदी रुमालात चिमूटभर बांधून त्याने आईच्या हातात दिलं. आईने हुंगलं. “लिंबाचो वास येता गो.” मग त्याला म्हणाली, पुढच्या खेपेला आमची घेऊन येते. हे वाक्य तिने चक्क हिंदीत म्हटलं, आयुष्यातलं बहुधा तिसरं.

बिल दोन हजार आठशे झालं. आईला सातशे सांगितलं. तेही तिला जास्तच वाटले, म्हापसा येईपर्यंत त्यावर बोलत होती.

दुसऱ्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. आईने बरणीकडे हात नेला, मग पदराची गाठ सोडली. बाबांनी दोनदा भात मागून घेतला आणि म्हणाले, “यंदाची तिरफळां बरी हत.”

आई काही बोलली नाही. वाटीत सोलकढी ओतून तिने त्यांच्यापुढे सरकवली.