मुलांच्या टीममध्ये की मुलींच्या?

"ताई, पोरगी आइस हॉकीत मुलांच्या टीममध्ये छान खेळतेय. मुलींच्या टीममध्ये कशाला आणायची?" टोरांटोत मंडळाच्या गणपतीपासून रिंकच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे हे विचारलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मुलींच्याच टीममध्ये आणा. चांगल्या खेळणाऱ्या सगळ्या मुलांच्या टीममध्ये गेल्या, तर उरलेल्यांनी कुणाबरोबर खेळून वाढायचं? आठव्या वर्षापासून आइस हॉकी खेळतेय, निम्मं आयुष्य मुलींना शिकवण्यात गेलंय. हे मी उगाच बोलत नाही.

पण १९८६ मध्ये जस्टीन ब्लेनी ही इथलीच मुलगी मुलांच्या टीममध्ये खेळण्यासाठी कोर्टात लढून जिंकली, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि मनाने पूर्ण तिच्या बाजूने. मुलींची हॉकी चालवणाऱ्या बायकांनीच तिला विरोध केला याचा मला संताप आला होता. आज त्यांचीच वाक्यं माझ्या तोंडी आहेत.

वीसेक वर्षांपूर्वी एक अकरा वर्षांची मुलगी मी अशीच आमच्याकडे आणली. मुलांच्या टीममध्ये ती रेफरींच्या खोलीत एकटी गिअर चढवायची. बाहेर येईपर्यंत कोचचं अर्धं बोलणं संपलेलं असायचं. तिच्या आईला मी तेच पटवलं. आमच्याकडे रविवारी सकाळी सहाचं आइस टाइम, म्हणजे रिंक मिळण्याची वेळ, कारण चांगल्या वेळा मुलांच्या टीमना जायच्या. तिचा पास आमच्या मुलींच्या स्टिकवर थांबायचाच नाही, उडून जायचा. जानेवारीत लक्षात आलं, ती मुद्दाम हळू मारतेय. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास, सगळ्यांना सांभाळून घेतेस."

मार्चमध्ये तिने जर्सी धुऊन, घडी करून परत दिली. पुन्हा खेळली नाही. आई फोनवर म्हणाली, "तुम्हाला टीमसाठी एक खेळाडू हवी होती." त्या वयात मुली सोडतातच, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत राहिले. मला ठाऊक होतं, ते खोटं होतं.

१ जानेवारी २०२४ ला इथेच, पूर्वीच्या मेपल लीफ गार्डन्स या हॉकीच्या स्टेडियममध्ये, बायकांच्या PWHL या व्यावसायिक हॉकी लीगचा पहिला सामना झाला. मी रडले. त्याच एप्रिलमध्ये माँट्रियलला एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले. मुलींच्या टीम टिकल्या म्हणूनच हे झालं, असं मी भांडून सांगेन. आणि बर्फावरच्या कितीतरी जणी लहानपणी मुलांबरोबर खेळलेल्या, हेही मला माहीत आहे.

परवा पुन्हा एका आईने विचारलं. "मुलींच्या," मी म्हणाले. मग खाली वाकून तिच्या लेकीला विचारलं, "तू पास किती जोरात मारतेस गं?"