फॉगिंगवाले कधी येणार?

पाऊस लागला की आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, फॉगिंगवाले कधी येणार. आणि कुणाच्या पोराच्या प्लेटलेट उतरल्या तर मग विचारूच नका, महापालिकेच्या झोन ऑफिसला फोनावर फोन. एकदाची ती गाडी भकाभका धूर सोडत गल्लीतून गेली की सगळ्यांचे अंगठे वर, झालं काम.

मी काही धुराच्या विरोधात नाही, साथ जोरात असली की उडते डास कमी करायला त्याचा उपयोग आहेच. पण तो धूर उडत्या डासाला लागला तर लागला, पाण्यातल्या अळीला काय होणार आहे? आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. त्यात डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसून असतो, आणि आपण काय करतो तर गाडीचा आवाज आला की आधी खिडक्या लावून घेतो!

नागपुरात तर प्रत्येक घरात डासांची सोय आपणच करून ठेवलेली असते, कूलर. मे महिन्यात ४५ च्या उन्हात जीव वाचवणारा तो डब्बा पावसाळ्यातही तसाच खिडकीला टांगलेला, वाळ्याच्या ताट्या काळ्या पडलेल्या आणि खाली टाकीत पाणी. एडिसची मादी अंडी घालते ती टाकीच्या कडेला, पाण्याच्या जरा वर, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, टाकी आतून घासावी लागते. हे मी ग्रुपवर लिहिलं की एकही अंगठा येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा आपण "माशा-मुरकुट्या घेऊन जाय गे मारबत" म्हणून ओरडतो ना, तीच अपेक्षा बहुतेक फॉगिंगच्या गाडीकडून पण असते. मारबतीचं ठीक आहे, ती आपली परंपरा आहे आणि मजा पण येते.

औषध फवारून काहीच होत नाही असं मात्र अजिबात नाही. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठेक लाख मरायचे असा अंदाज आहे. १९५३ साली डीडीटी फवारणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. केवढी मोठी गोष्ट आहे ही! आजी सांगायची की डीडीटीवाले यायचे, भिंतींवर पांढरट थर बसायचा, सुरुवातीला ढेकूणही मरायचे म्हणून बायका खूश. मग ढेकूण मरेनासे झाले तशी लोकांची हौसही गेली, आणि सण आला की भिंत परत पोतारली जायची, म्हणजे औषध मातीखाली गाडलं गेलं. तिकडे डासही डीडीटी पचवायला शिकले, कार्यक्रमात ढिलाई आली, आणि १९७६ साली रुग्ण पुन्हा ६४ लाखांच्या वर.

शेतात डीडीटी वापरायला १९८९ पासून आपल्याकडे बंदी आहे. पण त्याच्या जागी जी औषधं आली त्यांचीही कथा तीच. सिंथेटिक पायरेथ्रॉइड नावाचा गट आहे, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन वगैरे. हाच गट कपाशीवर, हाच मच्छरदाणीत, मलेरियासाठी भिंतीवर, आणि रात्री आपण प्लगला लावतो त्या लिक्विडमध्ये पण याच गटातलं काहीतरी. डासाच्या नसांवर जिथे डीडीटी काम करायचं तिथेच हेही करतात, म्हणून एकाला सरावलेला डास दुसऱ्यालाही दाद देत नाही असं होऊ शकतं. शेतातून वाहून आलेलं औषध डबक्यात उतरलं की तिथल्या अळ्यांची तालीम आयतीच सुरू. म्हणून शेती खात्याचं वेगळं आणि आरोग्य खात्याचं वेगळं असं मानणं मला पटत नाही, डासाला कुठे खातं माहीत असतं.

माझा चुलत भाऊ यवतमाळ जिल्ह्यात कळंबकडे शेती करतो, पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) आणि तूर. २०१७ चा सीझन त्या भागात कुणी विसरलेलं नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, बोंडअळी लागू नये म्हणून आलेलं बीटी बियाणं असूनही गुलाबी बोंडअळी, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून वर टॉनिक घालून फवारणी, त्यातही बॅटरीवाले चायना पंप, बारीक तुषार थेट तोंडावर. यवतमाळ जिल्ह्यात वीसवर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती. प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हा उतारा असतो, पण पंपात चार गोष्टी कालवल्या असल्या तर डॉक्टरने नेमका कशावर इलाज करायचा? आणि डबा शेतात फेकलेला, लेबल कुणी नेलं नाही. (डबा सोबत न्या रे बाबांनो, त्यावर उतारा लिहिलेला असतो. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.)

दादा पूर्वी कृषी केंद्रवाला देईल ते आणायचा. आता कामगंध सापळे लावले आहेत, मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे. सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन दिवस, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडलेली, तरच फवारायचं असा हिशोब. डोमकळ्या, म्हणजे अळी लागून नीट न उमललेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट. सुरुवातीला निंबोळी अर्क, कारण पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत जहाल औषध मारलं की ढालकिडे, क्रायसोपा असले मित्रकीटक आधी मरतात, आणि पायरेथ्रॉइडची घाई केली की पांढरी माशी उसळते. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवणं, बंद. हे शेवटचं सगळ्यात जड गेलं म्हणे, डिसेंबरनंतर चार पैसे देणारी उभी पऱ्हाटी उपटून टाकायला हात होत नाही.

पण मला त्याची दुसरीच गोष्ट जास्त आवडली. फवारणी करणारा बहुतेक वेळा शेतमालक नसतोच, मजूर असतो, आणि त्याला पैसे पंपामागे मिळतात. मग तो मास्क कशाला लावेल, दुपारच्या उन्हात कशाला थांबेल, जितके पंप तितके पैसे. दादाने गेल्या वर्षीपासून फवारणीला रोजी ठरवून दिली, सकाळीच सुरू करायचं, ऊन चढलं की बंद, वारा पाठीवर घ्यायचा, आणि रोजी मात्र पूर्ण. मी म्हटलं, "खर्च वाढला असंन ना दादा?"

"वाढला ना. शेजारचे तर म्हणते तू रेट खराब करून रायला. पण माह्याकडे फवाराले माणूस भेटते, त्याहिले शोधा लागते."