बक्षीस लावलं तर ध्यानात राहतं का?

बक्षीस लावलं तर अभ्यास ध्यानात राहतो का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी लातुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळं हा प्रश्न मला नवा नाही. दिवाळीनंतर सोयाबीन विकून उरलेली फी भरायला पालक येतात, तेव्हा तो हमखास निघतो. परवा निलंग्याकडचे एकजण आले होते. म्हणाले, "सर, लेकरू रात्री दोनपर्यंत वाचायलंय, पण ध्यानात राहीना. नीटला साडेसहाशे पडले तर बुलेट घेऊन देतो म्हणलोय. फरक पडंल का?"

बुलेटनं पोरगं टेबलाशी बसेल. डोक्यात राहणं ही वेगळी गोष्ट.

बक्षिसाची गोष्ट निघाली की मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचं नाव निघतं. त्याला सगळे 'आनंदाचं रसायन' म्हणतात. मला ते नाव पटत नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामाइनच्या पेशी कशा चालतात ते पाहिलं. अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात चालायच्या. दिवा लागल्यावर रस येतो हे माकड शिकलं, तेव्हा त्या दिव्यालाच चालू लागल्या. रस आला तरी ढिम्म. आणि ठरल्या वेळी रस आला नाही, तर त्याच क्षणी थंड पडायच्या. १९९७ साली शुल्ट्झ, डायान आणि माँटेग्यू यांनी याचा हिशोब मांडला: अपेक्षा किती होती आणि पदरात किती पडलं, यातला फरक या पेशी सांगतात. आता जूनमध्ये जाहीर केलेली बुलेट नोव्हेंबरपर्यंत घरात आल्यासारखीच झालेली असते, असं माझं मत.

मग आठवणीचा संबंध कुठं येतो? नवीन गोष्ट आधी हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींच्या भागात, नोंदली जाते, पण ती नोंद कच्ची. पेशींमधले जोड काही तासांत पुन्हा सैल पडू शकतात. ते टिकवायला पेशीला नवी प्रथिनं तयार करावी लागतात, आणि मध्यमेंदूतून हिप्पोकॅम्पसकडं येणारं डोपामाइन त्या कामाला हातभार लावतं. पालकांना मी म्हणलं, "तलाठ्यानं फेर धरलाय, पण मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केला नाही, तसं." ते हसले. "आमचा फेर तीन वर्षं झाले तसाच हाय."

बक्षिसानं आठवण पक्की होते हे खोटं नाही. २००६ साली अॅडकॉक आणि सहकाऱ्यांनी लोकांना चित्रं दाखवली. प्रत्येक चित्राच्या आधी सांगायचे, हे लक्षात राहिलं तर पाच डॉलर, किंवा दहा सेंट. दुसऱ्या दिवशी पाच डॉलरवाली चित्रं जास्त आठवली. पण तिथं बोली आणि चित्र यांच्यात काही सेकंदांचं अंतर होतं, वर्षाचं नव्हे. आणखी एक: मुरायामा आणि कुबांडनर यांनी २०११ मध्ये दाखवलं की पैशाचा उपयोग रटाळ प्रश्नांपुरताच होतो. ज्यात आधीच गोडी होती, तिथं पैशानं काही वाढलं नाही.

माझं स्वतःचं सांगतो. औशाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीला होतो. गुरुजींनी विचारलं, सावली दुपारी आखूड का होते? मी उत्तर दिलं. गुरुजींनी स्वतःच्या खिशातला शाईचा पेन काढून माझ्या हातात ठेवला. काही बोली नव्हती, काही नाही. पेन कधीच हरवला. पण त्या दिवशी पत्र्याच्या भोकातून वहीवर पडलेला उन्हाचा ठिपका, शेजारच्या पोराच्या सदऱ्याला बटणाऐवजी लावलेली पिन, बाहेरून येणारा हुरड्याचा वास, सगळं आहे. त्या वर्षीचं बाकी काय शिकलो, विचारू नका. एका आठवणीवरून शास्त्र होत नाही, हे मीच पोरांना सांगतो. तरी २०१८ च्या एका प्रयोगात चक्रव्यूहात फिरताना दिसलेल्या साध्यासुध्या वस्तूंपैकी बक्षिसाच्या जवळच्या वस्तू लोकांना दुसऱ्या दिवशी जास्त आठवल्या, हे वाचलं तेव्हा मला ती पिन आठवली.

वर्गात मी पेन वाटत नाही, परवडणार नाही. मी प्रश्न टाकतो आणि उत्तर अडवून धरतो. "ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, असा मासा असतो का?" पोरं भांडतात, आणि तेवढ्यात मी रक्ताभिसरण सुरू करतो. ग्रुबर आणि रंगनाथ यांच्या २०१४ च्या अभ्यासात उत्तराची उत्सुकता लागलेली असताना मधेच दाखवलेले अनोळखी चेहरेसुद्धा लोकांच्या जास्त लक्षात राहिले होते. उत्सुकता लागली की बक्षिसाच्या वेळी चालणारे मेंदूतले तेच भाग चालू लागतात. फुकटात.

हे सगळं सांगून झालं. पालक म्हणाले, "बुलेटचं तर बोलून बसलोय." म्हणलं, मग घ्या, त्याला कोण नको म्हणतंय.

ते उठले, दारात चपला घातल्या आणि परत वळले.

"सर, त्या माशाचं रक्त कसलं असतंय मग?"

"बिनरंगाचं. पाण्यागत."

"आन् जगतंय कसं?"

मी पुन्हा चहा टाकायला सांगितला.