नकलेची तारीख

सोमवार, रात्र

तीन महिने झाले वकील मॅडमच्या ऑफिसात पॅरालीगलचं काम शिकतेय. मावशी मात्र अख्ख्या गल्लीला सांगते, "पोरगी वकील होऊन राह्यली." काळा कोट माझा नाही आणि कोर्टासमोर मला बोलताही येत नाही, हे तिला किती वेळा सांगायचं! माझ्या वाट्याला कागद: वकीलपत्र, पुरसीस (कोर्टाला लेखी कळवण्याचा कागद), प्रतिज्ञापत्र, कोर्ट फी स्टॅम्प. फाईल हातात आली की आधी रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचायचा, हे पहिल्याच आठवड्यात शिकले. वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, मुदत अर्ज मंजूर, पुढची तारीख.

शिवाय कलमं दुहेरी पाठ. १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेत, नंतरचा नव्या भारतीय न्याय संहितेत. फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालं, पण उद्या गल्लीत कोणी कोणाला तीनशे अठरा म्हणणार आहे का?

आज लिहायचं आहे ते वेगळंच. शुक्रवारी संध्याकाळी कामठीकडचे एक बाबा आले होते. जमिनीचा दावा हरलेले. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, एवढं मला पाठ होतं. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "सोमवारी मुदत संपते." बाबांचा चेहरा उतरला. स्टॅम्पचे पैसे जावयाकडून हातउसने घ्यावे लागले त्यांना.

आज सिव्हिल लाइन्सला पोचले तर बाबा माझ्या आधीच दारात बसलेले. मॅडमनी निकालाची नक्कल घेतली, थेट शेवटच्या पानावर गेल्या आणि शिक्का दाखवला. नकलेसाठीचा अर्ज ५ तारखेचा, नक्कल तयार १५ तारखेला. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वजा होतात. म्हणजे अजून ११ दिवस हातात. शिक्का शुक्रवारीही तिथेच होता, मी पान उलटलंच नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अपिलाचा मसुदा लगेच सुरू केला. दिवस आहेत म्हणून ताणायचं नसतं.

निघताना बाबा म्हणाले, "बाई, तीन रात्री झोप नाही लागली मले. आता तरी बराबर मोजलं ना?"

मी त्यांच्यासमोरच पुन्हा मोजलं. मग ते गेल्यावर आणखी एकदा.