तुम्ही विचारलंत म्हणून: डुकरांच्या लशीला एवढा वेळ का?

मी डुकरांच्या विषाणूंवर काम करते म्हटलं, की नागपुरात कुणीही विचारतं, “करोनाची लस वर्षभरात आली, मग डुकरांच्या तापावर का नाही?”

यात दोन रोग एकमेकांत मिसळतात: साधा स्वाईन फीव्हर आणि आफ्रिकन स्वाईन फीव्हर. साध्या स्वाईन फीव्हरवर लस आहे. आधी ती सशांवर वाढवायचे. एका सशामागे जेमतेम 50 डोस निघायचे, त्यामुळे गावोगावी पुरायची नाही. 2020 मध्ये इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेनं देशी विषाणूपासून, प्रयोगशाळेत पेशींवर वाढणारी लस आणली. ससे वाचले, डोस स्वस्त झाला. मला याचं फार मोल वाटतं.

अडलंय ते आफ्रिकन तापापाशी. केनियात 1921 मध्ये त्याचं वर्णन झालं, भारतात तो 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आला. करोनाच्या विषाणूचा जनुकसंच 30 हजार अक्षरांचा, याचा 1 लाख 70 हजारांच्या वर. करोनात विषाणूच्या अंगावरचं एक काट्याचं (स्पाइक) प्रथिन हेरलं की काम भागलं. इथं दीडशेवर प्रथिनं आहेत आणि कोणतं धरावं तेच ठरत नाही. रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, पण ती विषाणूला पुरती आवरत नाहीत. त्यातून जी पेशी जंतू गिळायची, तिच्याच पोटात हा वाढतो. म्हणून बहुतेकांची भिस्त जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूवर. 1960च्या दशकात पोर्तुगालमध्ये तसली लस टोचली, तर डुकरं लंगडू लागली, फुप्फुसं सुजली, कित्येक दगावली. व्हिएतनामनं 2022 मध्ये एक जनुक काढलेल्या विषाणूची लस मंजूर केली, डुकरं मेल्यावर काही काळ थांबवली आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू केली. माझ्या मते घाईची लस रोगापेक्षा वाईट, कारण ती आपल्याच हातानं गोठ्यात जाते.

कामठी रोडकडच्या एका वस्तीत एका बाईंची डुकरीण साध्या तापानं गेली होती. कानांच्या कडा जांभळ्या पडलेल्या, चार पिल्लं अजून तिला ढुशा देत होती. उरलेल्यांना मी लस टोचली, तेव्हा बाईंनी विचारलं, “ही त्या आफ्रिकेवाल्या तापावर चालते का जी?”

“नाही जी,” मी म्हटलं. “त्याची लस येईतोवर हॉटेलातलं खरकटं उकळल्याशिवाय घालू नका, त्यातल्या मांसातून तो ताप येतो.”

“लाकडं महाग झाली, मॅडम.”

पुढच्या खेपेला गेले तेव्हा अंगणात तीन विटांवर ड्रम होता. त्या खरकटं ढवळत होत्या.