आठ फुटांचं देवळाली

नाशिकला आमच्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत सध्या देवळाली स्टेशन आहे, फळीवर बांधलेलं, छोटंसं. त्यासाठी इस्त्रीचं टेबल गॅलरीत गेलं आणि पाहुणे आले की त्यांची गादी हॉलमध्ये पडते. बायकोने सुरुवातीला विचारलं होतं, "किती दिवस हे?" मी म्हणालो, दिवाळीपर्यंत. कुठल्या दिवाळीपर्यंत ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यानंतर चार दिवाळ्या गेल्या.

देवळालीच्या नावावर इंग्रजी भाषेत एक वेड जमा आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असायचे. काम नाही, ऊन आहे, ताप आहे, बोटीचा पत्ता नाही. त्यात कुणाकुणाची डोकी फिरायची. त्यावरून डोकं फिरलेल्याला 'डुलॅली' म्हणायला लागले आणि तो शब्द शब्दकोशात जाऊन बसला. हे मी एकदा जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितलं. तेव्हापासून मागच्या खोलीत दिवा दिसला की बायको लेकीला सांगते, "बाबा डुलॅलीला गेलेत."

सुरुवात २०२० च्या ऑगस्टमध्ये झाली. सगळे घरात कोंडलेले. ७ ऑगस्टला देशातली पहिली किसान रेल देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघाली. बातम्या बघता बघता आई म्हणाली, "आपलं देवळाली!" आणि लगेच, "तो नळ आहे का रे अजून?" कुठला नळ ते मला आठवेना. माझं अख्खं लहानपण देवळाली कॅम्पात गेलं. आजोळ निफाडला, त्यामुळे दर मे महिन्यात त्याच फलाटावरून भुसावळच्या पॅसेंजरमध्ये चढायचो. आणि मला नळ आठवेना. रात्री कागद घेऊन आठवेल तसं स्टेशन काढायला बसलो. एक शेड, एक बाक, पिवळी पाटी, पिंपळ. पुढे काहीच नाही. त्या कोऱ्या कागदाचा मला भारी राग आला, आणि मग तो राग प्लायवूडपर्यंत गेला.

आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींची मापं ठरलेली असतात. त्यातलं सगळ्यात चालणारं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. ऐकायला बारीक वाटतं, पण रेल्वे ही मुळातच लांबलचक गोष्ट. जुना निळा किंवा विटकरी डबा बफरसकट २२ मीटरच्या वर. तो टेबलावर साडेपंचवीस सेंटिमीटर होतो. चोवीस डब्यांच्या गाडीसाठी लागतो तसा ६०० मीटरचा फलाट करायचा तर जवळजवळ ७ मीटर जागा हवी. माझी खोली अकरा फूट. त्यात कपाट वजा जाता आठ फुटांची फळी बसली. आठ फूट म्हणजे खरे २१२ मीटर. देवळालीचा एवढाच तुकडा माझ्या वाट्याला आला.

खरं तर आधी मला कसाऱ्याचा थळ घाटच करायचा होता. १८६५ साली सुरू झालेला तो चढ, मागून ढकलणारी बँकर इंजिनं, बोगदे, पूल, म्हणजे फोटोला काय नाही! पण तिथला चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. माझ्या आठ फुटांत तो जेमतेम साडेसहा सेंटिमीटर वर जातो. एवढा थरार दाखवायला फळीच्या एका टोकाखाली दोन जाडजूड पुस्तकं ठेवली तरी पुरतं. सह्याद्रीची अशी थट्टा मला करवेना.

रुळांची गंमत वेगळीच. आपली मोठी लाईन म्हणजे दोन रुळांत १६७६ मिलिमीटर, जुन्या भाषेत साडेपाच फूट. तिला ८७ ने भागलं की १९ मिलिमीटरच्या थोडं वर येतं. पण एचओचे तयार रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या हिशोबाने बनतात आणि ते साडेसोळाच मिलिमीटर असतात. म्हणजे डबा आपल्या अंगाचा आणि पाय परदेशी. बाजूने बघितलं तर कळत नाही. समोरून बघा, गाडी लग्नाच्या गर्दीत अंग चोरून उभी राहिल्यासारखी दिसते. काही खटपटे लोक १९ मिलिमीटरचे रूळ हाताने घालतात. मी समोरून फोटो काढायचं सोडलं.

मापं घ्यायला प्लॅटफॉर्म तिकीट काढून चार-पाचदा गेलो. स्टेशनात टेप काढून बसलं की लोक आपल्याकडे कसे बघतात ते एकदा अनुभवलं, मग टेप घरीच ठेवला. उभी गाडी हीच पट्टी. शेड किती डब्यांएवढी, बाक दाराच्या कितपत उंचीला, खांबापासून खांब किती खिडक्या. रिकाम्या फलाटावर पावलं. मला वही घेऊन पावलं मोजताना बघून एक कुली म्हणाला, "साहेब, शुगर का?" मी हो म्हणालो. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

सामान मात्र सगळं नाशिकचं. इमारत सनबोर्डची, म्हणजे फोमच्या हलक्या तक्त्याची, शेडचे पत्रे मिठाईच्या खोक्यातल्या नालीदार पुठ्ठ्याचे, ओव्हरहेड विजेच्या तारांचे खांब कुल्फीच्या काड्या तासून. खडीसाठी बांधकामावरची काळी कच आणली आणि पिठाच्या चाळणीने चाळली. (ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही. तिच्या जागी मला दोन आणाव्या लागल्या.) रुळांमध्ये कच पसरायची, वरून पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल थेंबाथेंबाने सोडायचा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला नाही तर मिश्रण कचेवर मोत्यासारखं गोळा होऊन बसतं आणि आत मुरतच नाही. जमिनीच्या रंगासाठी खूप पावडरी करून बघितल्या. शेवटी चहाचा चोथा वाळवून वापरला. निफाडकडची काळी माती दाखवायला त्याच्याइतकं दुसरं काही नाही. चहात साखर असते हे तेव्हा लक्षात आलं नाही.

फलाटावरून आईशी वाद झाला. हल्लीचा उंच फलाट रुळांपासून पाऊण मीटरच्या वर असतो, म्हणजे माझ्या मापात ९ मिलिमीटर. मी तसा करून दाखवला. आई आली, चष्मा कपाळावर घेतला, म्हणाली, "हे देवळाली नाही."

"का?"

"आपल्याला चढायला त्रास व्हायचा. मी तुला काखेत धरून वर लोटायचे, मग ट्रंक, मग मी. हा फलाट तर दाराला लागलाय."

मी म्हटलं, अगं आताचं माप आहे. ती म्हणाली, "मग आताचं स्टेशन कर ना, त्यात विटकरी डबे कशाला?"

याला उत्तर नव्हतं. डबे १९८६चे, फलाट परवाचा. मी ९ मिलिमीटरचा फलाट काढून टाकला आणि सखल, ५ मिलिमीटरचा बसवला. सनबोर्ड नेमका ५ मिलिमीटरचा मिळतो, त्यामुळे आईची आठवण तरी तासावी लागली नाही. नळ तिने जागेवर बोट ठेवून दाखवला. तिथे तो टाचणीचा केला, खाली शेवाळाचा हिरवा रंग दिला.

मग आमच्याच इमारतीतले काका. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी पुरता घाबरून होतो, कारण इतरांना फळीवर खेळणं दिसतं, त्यांना ड्यूटी दिसते. हात मागे बांधून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. इमारतीबद्दल अक्षर नाही. पिंपळाकडे ढुंकून नाही. एका सिग्नलपाशी थांबले.

"हा कुणासाठी?"

"मुंबईकडे जाणाऱ्या गाडीसाठी."

"मग उजवीकडे का? ड्रायव्हरने मान वळवून बघायचा?"

सिग्नल डावीकडे गेला. मग शेवटच्या डब्यापाशी वाकले आणि त्यांचा चेहरा खरंच दुखावल्यासारखा झाला. "एलव्ही कुठंय?" गाडीच्या शेवटच्या डब्याला मागे पिवळी पाटी असते, तीवर एल आणि व्ही ही अक्षरं, 'लास्ट व्हेइकल'ची. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्ये तुटून मागे काही राहिलं नाही, हे स्टेशनवाल्याला कळतं. "पाटी नाही म्हणजे तुझी गाडी अजून आलेलीच नाही. निम्मी सेक्शनमध्ये उभी आहे," काका म्हणाले. त्या रात्री तांदळाच्या दाण्याएवढी पाटी रंगवली. अक्षरं भिंगातून बघितली तरी एल आणि व्ही आहेत असं मानूनच घ्यावं लागतं. काकांनी मानून घेतलं.

मला वाटायचं, एकदा बांधून झालं की फोटो काढणं अर्ध्या दिवसाचं काम. ते बांधण्याहून जड निघालं. वरून काढला की साफ खेळणं. जवळ जाऊन काढला की डब्याचं एक हँडल लख्ख आणि बाकी स्टेशन धुक्यात, कारण लेन्स इतकी जवळ नेल्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा बोटभरसुद्धा उरत नाही. कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करा, तिकाटण्यावर ठेवा, फोकस पुढे-मागे सरकवत आठ-दहा फोटो घ्या आणि ते संगणकावर एकात एक जोडा. तेव्हा कुठे इंजिनापासून पिंपळापर्यंत सगळं दिसतं. खोलीत दोन ट्यूबलाइट असल्याने प्रत्येक खांबाला दोन सावल्या. देवळालीला दोन सूर्य कधी नव्हते.

म्हणून थंडीतल्या एका रविवारी मी आणि लेकीने फळी उचलून गच्चीवर नेली. सकाळचं तिरकं ऊन, खरं आकाश, मागे पांडवलेण्याचा डोंगर. फोटो बघून काका म्हणाले, "देवळाली स्टेशनात पांडवलेणं एवढं जवळ कधी आलं?" पण आवाजात पहिल्यासारखी धार नव्हती.

युक्ती लेकीने काढली. तिने फोन उलटा धरला. फोनची लेन्स एका टोकाला असते. ते टोक खाली केलं की लेन्स जवळजवळ फलाटाला टेकते. मग मी हिशोब केला. उभ्या माणसाचे डोळे साधारण दीड मीटरवर, म्हणजे माझ्या फलाटापासून १७ मिलिमीटर. त्या उंचीवरून घेतलेले फोटो छान आले. स्टेशन खरं दिसत होतं, फक्त ओळखीचं वाटत नव्हतं. बराच वेळ फोटो मागेपुढे करत बसलो. मग लक्षात आलं की त्या फलाटावर मी कधी दीड मीटरवरून बघितलंच नाही. मी आठ वर्षांचा होतो. पुन्हा भागाकार केला: १३ मिलिमीटर. फोनखालचा पुठ्ठा काढून त्याहून पातळ सारला आणि बटण दाबलं.

डब्याची पायरी छातीपाशी आली. दार वर कुठेतरी गेलं. शेड उंच झाली, बाकाची फळी डोळ्यांना भिडली, आणि बाकाच्या पायांमधून पलीकडचा नळ दिसला. तोच तो, आईचा. मी त्याला नेहमी बाकाखालून बघत आलो होतो. उभ्या माणसाच्या उंचीवरून आठवायला बसलो होतो म्हणून सापडत नव्हता.

असे चाळीसेक फोटो काढले. माणसं एकातही नाहीत. मी केलेली माणसं कपड्यांच्या चिमट्यांसारखी दिसतात, म्हणून ती डबीतच आहेत. संध्याकाळी फोटो टीव्हीवर लावले. आई, बायको, लेक, काका, सगळे बघत होते. बायको माहेरची नंदुरबारची, तिचा देवळालीशी काही संबंध नाही, तिनेही विचारलं, "इथे वडेवाला नव्हता का?" एका फोटोवर आई पुढे सरकली.

"हे कधी केलंस?"

फलाटाच्या कडेला, नळाच्या ओलीजवळ, काहीतरी काळं उभं होतं. मी फोटो मोठा केला. मुंगळा. चोथ्यातल्या साखरेला आलेला. सेंटिमीटरभर लांबीचा, ८७ ने गुणलं की पाऊण मीटरच्या वरच.

"मी नाही केलं," मी म्हणालो. "तो काढून टाकतो, त्याच्याशिवायचा दुसरा फोटो आहे."

"राहू दे," काका म्हणाले. "कुत्रं आहे ते. गाडी आली की नळापाशीच असायचं."